आकाशातला दगड आणि खुर्ची नसलेला शास्त्रज्ञ

आपल्या अभ्यासक्रमात काही नावं अशी येतात की ती माणसं नसून नुसती सूत्रंच होती असं वाटतं. बर्नुली, रेनॉल्ड्स, यंग... यांनाही आई-बाप होते, यांच्याही खिशात कधी कधी पैसे नसायचे, हे सबमिशनच्या धावपळीत कोणाच्या डोक्यात येणार? अशांपैकीच एक नाव म्हणजे क्लाड्नी. व्हायब्रेशन्सच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला फार तर एक आकृती आणि दोन ओळी येतात. धातूच्या पातळ पत्र्यावर वाळू पसरायची, पत्रा कंप पावायला लागला की वाळू रांगोळीसारखी नक्षी धरते, तिला क्लाड्नी आकृती म्हणतात. झालं, दोन मार्कांचं उत्तर संपलं!

पण याच माणसाने आणखी एक काम केलं आणि ते मला वाळूच्या नक्षीपेक्षाही मोठं वाटतं. आकाशातून दगड पडतात, आणि ते पृथ्वीच्या बाहेरून येतात, हे शास्त्रीय जगाला पहिल्यांदा व्यवस्थित पुराव्यानिशी सांगितलं ते त्याने. आज आपल्याला हे शाळेतच शिकवतात, त्यामुळे यात काय विशेष असं वाटेल. पण त्याच्या काळात असं म्हणणाऱ्याला शिकलेली माणसं हसत असत. त्या हसणाऱ्यांसमोर तो कसा उभा राहिला, याचीच ही गोष्ट.

अर्न्स्ट फ्लोरेन्स फ्रेडरिक क्लाड्नीचा जन्म ३० नोव्हेंबर १७५६ रोजी जर्मनीतल्या विटेनबर्ग गावी झाला. वडील तिथल्याच विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक. घरात शिस्त अशी की आपल्या रेक्टर सरांची शिस्त त्यापुढे काहीच नाही. मुलाने मोकळं हिंडू नये, अभ्यास करावा आणि पुढे वकील व्हावं, हे वडिलांनी ठरवून टाकलेलं. मुलाचा ओढा होता विज्ञान आणि संगीताकडे. पण विचारतो कोण? (ही गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वीची आहे, आपल्यापैकी कोणाच्या घरची नाही, हे मुद्दाम सांगतो!) क्लाड्नी मुकाट्याने आधी विटेनबर्गला आणि मग लाइपझिगला कायदा शिकला आणि १७८२ मध्ये लाइपझिगहून पदवी घेऊन बाहेर पडला.

त्याच वर्षी वडील वारले. आता अडवणारं कोणी नव्हतं, पण सांभाळणारंही कोणी नव्हतं. हातात कायद्याची पदवी, मनात विज्ञान, आणि पोटापाण्याची सोय शून्य. आपण असतो तर काय केलं असतं? मी तरी निमूट वकिली केली असती. क्लाड्नीने ध्वनीचा अभ्यास सुरू केला.

ध्वनीच का? कारण तो विषय त्याला अर्धवट वाटला. तारेच्या कंपनांबद्दल गणितज्ञांनी बरंच लिहून ठेवलं होतं, पण पत्रा किंवा घंटा कशी कंप पावते हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. त्या सुमारास ग्योटिंगेनचे प्राध्यापक लिश्टेनबर्ग यांनी एक प्रयोग केला होता. विद्युतभारित पृष्ठभागावर बारीक पूड टाकली की तिच्यात झाडाच्या फांद्यांसारख्या आकृत्या उमटतात. क्लाड्नीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. विजेचं पुडीने दिसतं, तर आवाजाचं का दिसू नये? त्याने पत्रा मध्ये पक्का धरला, वर वाळू टाकली आणि व्हायोलिनचा गज पत्र्याच्या कडेवर ओढला. पत्रा गाऊ लागला आणि वाळू पळू लागली. जिथे कंपन जोरात तिथून वाळू उडते, आणि जिथे पत्रा स्थिर राहतो त्या रेषांवर येऊन गोळा होते. म्हणजे आवाज चक्क डोळ्यांना दिसला! १७८७ मध्ये त्याने हे सारं पुस्तकरूपाने छापलं. आजही गिटार आणि व्हायोलिन बनवणारे कारागीर लाकडी फळीची तपासणी याच पद्धतीने करतात.

इतकं करूनही विद्यापीठात जागा मिळाली नाही ती नाहीच. मग पठ्ठ्याने वेगळाच मार्ग काढला. स्वतः दोन वाद्यं तयार केली, एकाचं नाव युफॉन आणि दुसऱ्याचं क्लाव्हिसिलिंडर. ती घोडागाडीत घातली, सोबत पत्रे, वाळू, गज घेतला आणि गावोगावी फिरून व्याख्यानं आणि प्रयोग सुरू केले. लोक तिकीट काढून बघायला येत. एखाद्या फिरत्या नाटक कंपनीसारखाच हा प्रकार. जन्मभर त्याचं पोट चाललं ते यावरच. ना पगार, ना क्वार्टर, ना खुर्ची.

या फिरस्तीतच १७९३ च्या सुरुवातीला तो ग्योटिंगेनला पोचला आणि त्या लिश्टेनबर्गना भेटला. गप्पांच्या ओघात विषय निघाला तेजोगोलांचा. तेजोगोल म्हणजे साध्या उल्केपेक्षा खूप मोठी, शुक्राहूनही तेजस्वी अशी उल्का. लिश्टेनबर्गनी स्वतः १७९१ च्या नोव्हेंबरमध्ये ग्योटिंगेनहून असा एक तेजोगोल पाहिला होता. हे आहे तरी काय? त्या वेळची मतं अशी : कोणी म्हणे वीज, कोणी म्हणे हवेत जमलेले ज्वालाग्राही वायू पेटतात. लिश्टेनबर्गनी सहज बोलून दाखवलं की कदाचित ही वस्तू पृथ्वीच्या बाहेरचीही असेल. क्लाड्नीच्या डोक्यात तो किडा शिरला तो शिरलाच.

इथे मी मध्येच माझी एक गोष्ट घुसडतो, कारण त्याशिवाय क्लाड्नी मला कळला नसता. सेकंड इयरला असताना डिसेंबरच्या मध्यावर एका रात्री मी हॉस्टेलच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेलो होतो. दोन वाजले असतील. अचानक पाण्याच्या टाकीची सावली माझ्या पायाशी पडली आणि सरकली. मान वर केली तर हिरवट पांढरा गोळा मृग नक्षत्राच्या खालून तिरका जात होता, मागे शेपूट, आणि शेवटी त्याचे दोन तुकडे झाले. सगळं मिळून तीनेक सेकंद. अंगावर काटा आला. धावत खाली येऊन मी रूमवर सांगितलं, तर रूममेटने पांघरुणातून तोंड न काढताच आज काय घेतलंयस असं विचारलं. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये तर मला धूमकेतू असं नावच पडलं. गावाला आजीला फोनवर सांगितलं, तर तिने तारा तुटला म्हणजे कोणीतरी गेलं असं म्हणून हात जोडले असावेत. खरं सांगतो, मी पाहिलं ते खरंच पाहिलं का, अशी शंका चार दिवसांनी मलाच यायला लागली. एकट्याने पाहिलेल्या गोष्टीचं असंच होतं.

आता विचार करा, अठराव्या शतकातला एखादा शेतकरी. भर दुपारी कडकडाट होतो, आकाशातून काळा दगड येऊन त्याच्या शेतात रुततो. तो गावात सांगतो, गाव राजधानीत कळवतं, आणि राजधानीतली विद्वान माणसं म्हणतात, अडाणी आहेत झालं! ही काही माझी कल्पना नाही. फ्रान्समधल्या ल्यूसे गावी १७६८ मध्ये पडलेल्या दगडाची तपासणी लावाझिएसारख्या थोर रसायनशास्त्रज्ञाचा सहभाग असलेल्या समितीने केली. निष्कर्ष काय, तर हा जमिनीतलाच दगड, वीज पडून भाजलेला. १७९० मध्ये फ्रान्सच्याच बार्बोतान भागात दगडांचा पाऊस पडला. तीनशेहून जास्त लोकांनी सहीनिशी साक्ष दिली. तिचीही चेष्टाच झाली.

क्लाड्नीने मात्र त्या साक्षी वाचल्या. ग्योटिंगेनच्या लायब्ररीत तो तीन आठवडे ठाण मांडून बसला आणि जुन्या ग्रंथांतून, बखरींतून, नियतकालिकांतून तेजोगोलांची आणि दगड पडल्याची वर्णनं गोळा केली. इथे त्याला उपयोगी पडलं काय, तर तेच, वडिलांनी गळ्यात मारलेलं कायद्याचं शिक्षण! साक्षीदार तपासायचे कसे हे त्याला ठाऊक होतं. वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या शतकांतली, एकमेकांना कधी न भेटलेली माणसं जर तेच तेच सांगत असतील, म्हणजे अगोदर प्रकाश, मग गडगडाट, मग काळ्या सालीचे जड, गरम दगड, तर ती सगळी मिळून खोटं बोलतात असं मानायचं कसं? कोर्टात ही केस टिकली असती.

नुसत्या साक्षींवर तो थांबला नाही. त्याचे पुढचे मुद्दे आपल्या पद्धतीचे, म्हणजे आकड्यांचे होते. काही तेजोगोल दोन-तीन ठिकाणांहून पाहिले गेले होते. त्यावरून त्यांची उंची आणि वेग काढता येत होता. वेग इतका प्रचंड निघत होता की पृथ्वीच्या नुसत्या ओढीने वरून पडणाऱ्या वस्तूला तो येणं शक्यच नाही. म्हणजे वस्तू आधीच वेगाने येत असली पाहिजे, आणि ती बाहेरूनच. आज आपल्याला माहीत आहे की उल्का वातावरणात शिरतात त्या सेकंदाला साधारण ११ ते ७२ किलोमीटर वेगाने. एवढ्या वेगाने येणाऱ्या वस्तूपुढची हवा दाबली जाते, भयंकर तापते आणि चकाकते. आपण बघतो ती त्या तापलेल्या हवेची आणि वितळणाऱ्या दगडाची चमक.

तिसरा मुद्दा लोखंडाचा. सैबेरियात क्रास्नोयार्स्कजवळच्या डोंगरात सुमारे ७०० किलोचा एक लोखंडी गोळा सापडला होता. पालास नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने १७७२ मध्ये तो पाहिला आणि त्याचं वर्णन छापलं. स्पंजसारखं लोखंड आणि त्याच्या भोकाभोकांत पिवळसर काचेसारखे स्फटिक. आसपास ज्वालामुखी नाही, आणि एवढा गोळा वितळवील अशी भट्टीही नाही. मग हे आलं कुठून? क्लाड्नीने उत्तर दिलं, वरून. १७९४ मध्ये रिगा आणि लाइपझिगहून त्याची जेमतेम ६३ पानांची पुस्तिका निघाली. तिच्यात त्याने सरळ मांडलं की अशी लोखंडं आणि दगड अवकाशातून येतात, तेजोगोल म्हणजे त्यांचाच प्रवास, आणि हे तुकडे म्हणजे एक तर ग्रह बनताना उरलेला माल किंवा एखाद्या फुटलेल्या ग्रहाचे अवशेष.

पुस्तिका बाहेर पडली आणि टीकेची झोड उठली. ग्रहांच्या मधली जागा रिकामी आहे असं न्यूटनपासून मानलेलं, तिथे हा गाणंबजावणं करत फिरणारा माणूस दगड भरून ठेवतो म्हणजे काय! ज्यांच्या बोलण्यातून कल्पना सुचली त्या लिश्टेनबर्गनासुद्धा आधी हे लिहिलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. क्लाड्नीजवळ पद असतं तर ते गेलं असतं. पद नव्हतंच, म्हणून जायलाही काही नव्हतं. मला कधी कधी वाटतं, खुर्ची नसण्याचा हाच काय तो फायदा.

आणि मग, एखाद्या सिनेमात शोभेल असं, खुद्द आकाशच त्याच्या बाजूने साक्ष द्यायला आलं. १६ जून १७९४ ला इटलीत सिएना इथे भर लोकांसमोर दगड पडले. आदल्याच दिवशी व्हेसुव्हियसचा उद्रेक झालेला, त्यामुळे काहींनी दोष ज्वालामुखीला दिला. १३ डिसेंबर १७९५ ला इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या वोल्ड कॉटेज इथे सुमारे २५ किलोचा दगड पडला. तिथे कुठला आलाय ज्वालामुखी! आणि पुढचा साक्षीदार आपल्या देशातला : १९ डिसेंबर १७९८ च्या संध्याकाळी बनारसजवळ निरभ्र आकाशातून मोठा तेजोगोल आला आणि पाठोपाठ दगडांचा वर्षाव झाला. तिथल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने गावकऱ्यांच्या जबान्या गोळा करून लंडनला पाठवल्या, सोबत दगडही गेले. एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने बनारस, यॉर्कशायर, सिएना वगैरे ठिकाणचे दगड तपासून १८०२ मध्ये जाहीर केलं की हजारो मैल अंतरावर पडलेले हे दगड आतून सारखे आहेत आणि त्यांतल्या लोखंडात निकेल आहे. बनारसच्या शेतकऱ्याची आणि यॉर्कशायरच्या नांगऱ्याची साक्ष अशी प्रयोगशाळेत जुळली.

शेवटचा घाव बसला २६ एप्रिल १८०३ ला. फ्रान्समधल्या लेग्ल गावावर भर दुपारी सुमारे तीन हजार दगड कोसळले. सरकारने तरुण बिओला चौकशीला पाठवलं. (हाच तो बिओ-सावार्ट नियमातला बिओ, इलेक्ट्रिकलवाल्यांनी नोंद घ्यावी.) त्याने गावोगाव हिंडून लोकांना विचारलं, दगड कुठे कुठे पडले त्याचा नकाशा केला आणि अहवाल दिला. त्यानंतर दगड पडतात की नाही हा वाद संपला. ते येतात कुठून यावर भांडण पुढे चालू राहिलं. लाप्लाससारख्यांना तर ते चंद्रावरच्या ज्वालामुखीतून येत असावेत असं वाटत होतं. पण १ जानेवारी १८०१ ला सेरेस हा पहिला लघुग्रह सापडला होता आणि रिकामी जागा फारशी रिकामी नाही हे हळूहळू सगळ्यांना पटत गेलं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या वयाच्या दोन पोरांची आहे. लिश्टेनबर्गच्या प्रोत्साहनाने १७९८ मध्ये ग्योटिंगेनचे दोन विद्यार्थी, ब्रान्डेस आणि बेन्झेनबर्ग, एकमेकांपासून काही किलोमीटरवर जाऊन रात्र रात्र उल्का बघत बसले. एकच उल्का दोघांनी पाहिली की तिची जागा ताऱ्यांवरून टिपायची. मग सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलमध्ये आपण करतो तसं त्रिकोण मांडून उंची काढायची. उत्तर आलं शंभर किलोमीटरच्या आसपास. उल्का म्हणजे ढगांजवळची वीज नव्हे, हे दोन विद्यार्थ्यांनी वही-पेन्सिलवर ठरवलं. आणि आपण प्रोजेक्टसाठी टॉपिक मिळत नाही म्हणून रडतो!

क्लाड्नी मात्र फिरतच राहिला. १८०९ मध्ये पॅरिसला खुद्द नेपोलियनसमोर त्याने वाळूचे प्रयोग केले. नेपोलियन इतका खूश झाला की क्लाड्नीच्या ध्वनिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या फ्रेंच आवृत्तीसाठी त्याने ६००० फ्रँक दिले. या आकृत्यांचं गणित मांडणाऱ्याला बक्षीसही जाहीर झालं. ते १८१६ मध्ये पटकावलं सोफी जर्मेन या बाईंनी, तेही तिसऱ्या प्रयत्नात. त्यांनाही स्त्री म्हणून कॉलेजात प्रवेश मिळाला नव्हता. आज आपण प्लेट थिअरी शिकतो तिचा पाया तिथे पडला. म्हणजे आवाज दिसला खुर्ची नसलेल्या माणसाला आणि त्याचं गणित सुटलं वर्गात बसू न दिलेल्या बाईला. एटीकेटी लागलेल्यांनी तिसऱ्या प्रयत्नाची ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

१८१९ मध्ये व्हिएन्नाहून त्याचा तेजोगोलांवरचा मोठा ग्रंथ निघाला. जिथे जाईल तिथून तो अशनींचे, म्हणजे जमिनीवर पोचलेल्या उल्कांचे, तुकडे जमवत असे. लग्न नाही, इस्टेट नाही, होती ती एवढीच. ३ एप्रिल १८२७ रोजी ब्रेस्लाऊ शहरात (आता ते पोलंडमध्ये आहे, नाव व्रोत्स्वाफ) व्याख्यानांच्या दौऱ्यावर असतानाच त्याचं निधन झालं. जमवलेले सगळे अशनी तो बर्लिनच्या विद्यापीठाला देऊन गेला. ज्या विद्यापीठांनी त्याला जागा दिली नाही, त्यांच्यातल्या एकाला त्याने आकाश देऊन टाकलं, असं म्हटलं तर चालेल. चंद्रावरच्या एका विवराला आज त्याचं नाव आहे.

आता कोणी म्हणेल, ध्वनी कुठे आणि उल्का कुठे, दोन वेगळ्या ब्रँच! मलाही तसंच वाटायचं. पण १५ फेब्रुवारी २०१३ ची रशियातल्या चेल्याबिन्स्कची घटना बघा. साधारण २० मीटरचा दगड सेकंदाला १९ किलोमीटर वेगाने आला आणि जमिनीपासून सुमारे ३० किलोमीटरवर फुटला. सूर्यासारखा उजेड पडला म्हणून लोक काय झालं ते बघायला खिडक्यांशी गेले, आणि दीड-दोन मिनिटांनी आवाज पोचला, दाबलाट बनून. सुमारे १५०० माणसं जखमी झाली, बहुतेक फुटलेल्या काचांनी. प्रकाश आणि आवाज यांच्यामध्ये वेळ जातो एवढं साधं फिजिक्स आठवलं असतं, तर कितीजणांचे चेहरे वाचले असते! आज असे स्फोट आपल्या कानांना न ऐकू येणाऱ्या आवाजावरून जगभरच्या यंत्रांवर नोंदले जातात. क्लाड्नीच्या दोन्ही ब्रँच अशा एकत्र आल्या.

आपल्यासाठी तर हा विषय परकाही नाही. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर, बेसॉल्टमध्ये आघाताने झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, आपल्याच राज्यात आहे. इंडस्ट्रियल व्हिजिटच्या नावाखाली आपण कुठे कुठे जातो, एकदा तिथेही जाऊन काठावर उभं राहावं.

आणि तोपर्यंत एक विनंती. कधी रात्री तेजोगोल दिसला तर घाबरू नका, हातही जोडत बसू नका. घड्याळ बघा. कोणत्या ताऱ्याजवळून कोणत्या ताऱ्याकडे गेला ते टिपा. खिडकीपासून दूर राहा आणि तीन-चार मिनिटं आवाजाची वाट बघत सेकंद मोजा. शेजारच्या हॉस्टेलमध्ये कोणी पाहिला का ते विचारा. आणि उद्या एखादा मित्र रात्री दोन वाजता धावत येऊन काहीतरी पाहिल्याचं सांगू लागला, तर पांघरूण जरा बाजूला करून त्याला आधी एवढंच विचारा : कोणत्या दिशेला?

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी